असमान विद्युतक्षेत्रात द्रवस्फटिक नेमकं काय करतात?

शंकासूर
पुस्तक कुठलंही उघडा, द्रवस्फटिकांचं प्रकरण दोन समांतर काचांनीच सुरू होतं. मध्ये नेमॅटिक (लांबट रेणू साधारण एकाच दिशेने असणारा द्रवस्फटिक), दोन्ही काचांवर पारदर्शक इलेक्ट्रोड, क्षेत्र सगळीकडे सारखं. ठरावीक व्होल्टेज ओलांडलं की आडवे रेणू उभे राहायला लागतात, त्याला फ्रेडरिक्स संक्रमण म्हणायचं, की उलटा पान.

माझ्या प्रकल्पातल्या सेलमध्ये वरच्या इलेक्ट्रोडला २ मिलिमीटर व्यासाचं गोल छिद्र आहे. थराची जाडी ५० मायक्रॉन, दोन अपवर्तनांकांतला (रेणूंच्या लांब अक्षाच्या दिशेने आणि आडव्या ध्रुवित प्रकाशासाठीच्या) फरक साधारण ०.२. छिद्राच्या कडेला क्षेत्र जोरदार, मध्यभागी नगण्य, म्हणून त्याचं भिंग व्हावं अशी अपेक्षा. काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरांमधून बघितलं तर कडेला उजेड-अंधाराच्या कड्यांची नुसती दाटी आणि मध्ये सपाट मैदान. शिवाय एका बाजूला एक वाकडीतिकडी रेघ उमटते. व्होल्टेज वाढवलं की ती सरकते आणि कुठेतरी अडकून बसते.

मला मुळातून समजून घ्यायचंय. क्षेत्र असमान असलं की रेणू फक्त वळतात, की तीव्र क्षेत्राकडे ओढलेही जातात? आणि वळतात ते त्या त्या ठिकाणच्या क्षेत्ररेषेला धरूनच वळतात का? गाईड म्हणतात, सिम्युलेशन कर, कळेल. ते करतोच आहे, पण आधी डोक्यात चित्र हवंय.

लंबक
यात एवढं काय? धन प्रकारचा नेमॅटिक असेल तर रेणूंचा लांब अक्ष क्षेत्ररेषेला समांतर होतो. क्षेत्ररेषा काढा, त्यांवर काड्या मांडा, झालं चित्र.

चकवा
जागा धरून ठेवतो. धागा रंगणार.

काजवा
@लंबक, असहमत. काड्या मांडायला रेणू एकेकटे नसतात. शेजाऱ्याशी समांतर राहण्याची त्यांची ओढ असते, आणि दिशा बदलायची तर लवचिक ऊर्जेची किंमत मोजावी लागते. सतरंजीचा एक कोपरा उचलला तर आजूबाजूचा भागही थोडा उचलला जातो, तसं काहीसं.

किती दूरपर्यंत, याचं उत्तर एका लांबीत आहे, विद्युत सहसंबंध लांबी. लवचिक स्थिरांकाला लांब अक्षाच्या आणि आडव्या दिशेच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकांतल्या (पदार्थ क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याचं माप) फरकाने (आणि निर्वाताच्या स्थिरांकाने) भागून वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला क्षेत्राने भागायचं. लवचिक स्थिरांक १० पिकोन्यूटन आणि फरक १० धरला, तर १ मायक्रॉनला १ व्होल्ट अशा क्षेत्रात ही लांबी सुमारे ०.३४ मायक्रॉन येते. क्षेत्र याहून बऱ्याच मोठ्या अंतरावर हळूहळू बदलत असेल तर लंबकराव म्हणतात ते चित्र चालेल. याहून कमी अंतरात क्षेत्र वळणं घेत असेल तर रेणू त्या वळणांची दखलच घेत नाहीत, सरासरी काढून मोकळे होतात. क्षेत्र दुबळं झालं की लांबी वाढते. १ मायक्रॉनला ०.१ व्होल्ट अशा क्षेत्रात ती ३.४ मायक्रॉन होते.

खटपट्या
म्हणजे रेणूसुद्धा सतरंज्या उचलणारे कार्यकर्तेच! साहेब म्हणतील त्या दिशेला माना. (ह. घ्या.)

लंबक
@काजवा, आकडे मान्य. पण १० व्होल्ट लावून ५ मायक्रॉनच्या थरात बघा, तुमची ती लांबी ०.१७ मायक्रॉनवर येते. भिंतीलगतचा पातळ पापुद्रा सोडला तर काड्या क्षेत्ररेषेवरच असतात. व्यवहारात माझं चित्र पुरतं.

काजवा
तीव्र क्षेत्रात पुरतं, मान्य. गंमत मात्र मधल्या व्होल्टेजलाच असते. भिंगाचं सगळं काम तिथेच चालतं. सगळे रेणू उभे राहिले की भिंग संपलं.

तळटीप
दोघांच्याही चित्रात एक गृहीत लपलंय: क्षेत्र आधी ठरतं, रेणू मागाहून वळतात. द्रवस्फटिकात तसं होत नाही. रेणू वळले की त्या जागेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक बदलतो, तो बदलला की क्षेत्र बदलतं. फाइव्ह-सीबीचं उदाहरण घ्या (जॉर्ज ग्रे यांच्या हल इथल्या गटाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला, साधारण ३५ अंश सेल्सिअसपर्यंत नेमॅटिक राहणारा पदार्थ). लांब अक्षाच्या दिशेने त्याचा स्थिरांक १८ च्या घरात, आडवा ६-७. जवळजवळ तिपटीचा फरक आहे.

आता त्या पुस्तकी समांतर काचाच घ्या. उंबरठ्याचं व्होल्टेज ओलांडलं की थराच्या मध्यावरचे रेणू उभे राहतात, काचेलगतचे आडवेच राहतात. स्थिरांक मध्यावर मोठा, कडांना लहान. म्हणजे क्षेत्र मध्यावर कमी आणि काचांजवळ जास्त. बाहेरून लावलेलं क्षेत्र कितीही एकसमान असो, उंबरठा ओलांडल्या क्षणापासून आतलं क्षेत्र असमान झालेलं असतं. शंकासूर, तुमच्या पुस्तकातली सगळीकडे सारखी असणारी स्थिती फक्त उंबरठ्याच्या खालीच खरी.

म्हणून सिम्युलेशनमध्ये विभव (ठिकठिकाणचं व्होल्टेज) आणि दिशा आळीपाळीने सोडवत राहावं लागतं, दोन्ही बदलायचे थांबेपर्यंत. विभव एकदाच काढून त्यावर काड्या मांडणारे प्रबंध पाहिले आहेत. चित्रं सुरेख असतात, आकडे चुकतात.

सोनसळी
खूप माहितीपूर्ण चर्चा. भौतिकशास्त्र बारावीनंतर सुटलं, तरी वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: मॉनिटरवर बोट दाबलं की रंगीत लाटा उठतात, ते हेच का?

रानजाई
@सोनसळी, नाही. तिथे बोटाच्या दाबाने काचांमधली फट बदलते आणि द्रव वाहतो, वाहताना रेणूंची मांडणी बिघडते. क्षेत्राचा त्यात हात नाही. पडद्यावर बोट दाबून परीक्षा घेऊ नका मात्र, पडदे बनवणाऱ्यांचा जीव वरखाली होतो. :)

शंकासूर
@तळटीप, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या कोडमध्ये विभव खरोखर एकदाच काढलेलं आहे. बरं, माझ्या प्रश्नाचा पहिला भाग अजून तसाच आहे. रेणू ओढले जातात का? क्षेत्राला उतार असला की द्विध्रुवाच्या दोन टोकांवरची बलं सारखी राहत नाहीत, म्हणजे निव्वळ बल उरायला हवं.

लंबक
ओढले जातातच. हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये डायइलेक्ट्रोफोरेसिस हे नाव दिलं ते यालाच. भाररहित कणसुद्धा तीव्र क्षेत्राकडे सरकतो.

तळटीप
सरकतो, भोवतालच्या माध्यमापेक्षा त्याचा स्थिरांक जास्त असेल तर. इथे "भोवताल" म्हणजेही तेच द्रवस्फटिक आहे. बंद, काठोकाठ भरलेल्या सेलमध्ये प्रत्येक घनमायक्रॉन तीव्र क्षेत्राकडे जायला बघतो, पण तिथली जागा आधीच भरलेली आहे आणि द्रव दाबून लहान होत नाही. मग दाब वाढतो आणि बल तोलतो. साध्या द्रवात हे लगेच पटतं. नेमॅटिकमध्ये शंका येते, कारण दिशा जागोजागी वेगळी. पण द्रवस्फटिकांचा सिद्धांत मांडणाऱ्या एरिक्सेन यांनी दाखवलेलं आहे की दिशेचा समतोल साधला की बलांचा समतोल योग्य दाबाने आपोआप साधतो. म्हणजे स्थिर अवस्थेत वाहणं नाही, केवळ वळणं.

व्होल्टेज चालू-बंद करतानाच्या क्षणाची गोष्ट वेगळी. रेणू वळताना द्रवाला ढकलतात, वाहणारा द्रव रेणूंना उलट वळवतो. बंद केल्यावर प्रकाश सरळ उतरत जाण्याऐवजी मध्येच एक उसळी घेतो, ती यामुळे.

आता सेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला असेल तर त्याच्याकडे बघा. त्याचा स्थिरांक १, भोवतालचा ६ ते १८. तो मुकाट्याने क्षीण क्षेत्राकडे ढकलला जातो. दुसऱ्या द्रवात तरंगणारा द्रवस्फटिकाचा थेंबही आकार बदलतो, सरकतो. जिथे दोन पदार्थांची सीमा आहे तिथे ओढ दिसते.

खटपट्या
बुडबुडा छिद्राच्या मध्यभागी येऊन बसण्यामागचं शास्त्र आज कळलं. इतके दिवस मी त्याला नशीब म्हणत होतो.

चकवा
+१. आणि तो बुडबुडा नेमका पाहुणे प्रयोगशाळा बघायला आले की येतो, त्याचं शास्त्र अजून बाकी आहे.

पानगळ
थोडं अवांतर. फ्रेडरिक्स यांनी हे संक्रमण दाखवलं ते १९२७ मध्ये, आणि तेही चुंबकीय क्षेत्र वापरून. उंबरठ्याचं क्षेत्र गुणिले थराची जाडी हा गुणाकार कायम राहतो, हे त्यातूनच पुढे आलं. विद्युतक्षेत्राच्या बाबतीत क्षेत्र गुणिले जाडी म्हणजेच व्होल्टेज, त्यामुळे ५ मायक्रॉन असो की ५०, उंबरठा तोच, काजवा यांच्या आकड्यांनी साधारण १ व्होल्ट. पुढे स्टालिनच्या काळात फ्रेडरिक्स यांना अटक झाली, १९४४ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाचा परिणाम ज्या पडद्यांमध्ये वापरला गेला त्यांतला एकही त्यांना बघायला मिळाला नाही.

सोनसळी
वाईट वाटलं वाचून. पण हा १ व्होल्टचा उंबरठा शंकासूर यांच्या छिद्रालाही लागू होतो का?

काजवा
चांगला प्रश्न. नाही होत. क्षेत्र रेणूला बरोबर काटकोनात असेल तरच उंबरठा असतो, कारण तिथे वळवणारं आघूर्ण शून्य असतं आणि डावीकडे वळावं की उजवीकडे हे ठरत नाही. क्षेत्र जरा जरी तिरकं असलं की आघूर्ण पहिल्या मिलिव्होल्टपासून असतं, ४५ अंशाला सर्वाधिक. छिद्राच्या कडेला क्षेत्ररेषा तिरक्याच असतात. त्यामुळे तिथे उंबरठा पुसला जातो, रेणू हळूहळू कलायला लागतात.

आणि शंकासूर, तुमची वाकडी रेघ इथेच जन्मते. छिद्राच्या समोरासमोरच्या दोन कडांना क्षेत्ररेषा एकमेकींच्या उलट दिशेने कललेल्या असतात. काचेवरच्या घासलेल्या पॉलिइमाइडच्या (एक प्लास्टिक) लेपाने रेणूंना आधीच एक-दोन अंशांचा कल दिलेला असतो, तो सगळीकडे एकाच बाजूला. एका कडेला क्षेत्र आणि हा कल हातात हात घालून चालतात, समोरच्या कडेला भांडतात. भांडणाऱ्या बाजूचे रेणू उलटे उठतात, आणि उलटे-सुलटे जिथे भेटतात तिथे ती रेघ. ती घासण्याच्या दिशेतल्या एकाच टोकाला आहे का बघा.

शंकासूर
हो! अगदी तिथेच आहे. सेलवर पेनाने घासण्याच्या दिशेचा बाण काढला होता, रेघ बाणाच्या टोकाकडच्या बाजूलाच आहे. घालवायची कशी?

रानजाई
सुरुवातीचा कल वाढव, किंवा क्रम बदल. छिद्राच्या जागी दुसरा स्वतंत्र इलेक्ट्रोड ठेवता आला तर आधी सगळ्या थराला एकसमान व्होल्टेज देऊन सगळे रेणू एकाच बाजूला झुकव, मग असमान क्षेत्र आण. एकदा बाजू निवडली की सहसा सोडत नाहीत.

मी पडद्यांच्या कामात आहे, तिथे असमान क्षेत्र हा अपघात नसून रचनेचाच भाग असतो. १९९८ मध्ये आलेली फ्रिंज फील्ड स्विचिंग पद्धत घ्या. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच काचेवर, मध्ये पातळ इन्सुलेटर, वरचा इलेक्ट्रोड पट्ट्यापट्ट्यांचा. क्षेत्र पट्टीच्या कडेला उसळतं, पट्टीच्या मधोमध ते जवळजवळ उभंच असतं. तिथले रेणू पडद्याच्या पातळीत वळायला क्षेत्र त्यांना थेट मदत करत नाही. तरी ते वळतात, कारण कडेचे शेजारी त्यांना ओढून नेतात. काजवा म्हणाले ती सरासरी इथे पगार मिळवून देते!

पट्ट्यांचं अंतर ठरवताना आणखी एक गोष्ट कामी येते. एका काचेवर एकाआड एक विभवाच्या पट्ट्या असतील तर त्यांचं क्षेत्र काचेपासून वर जाताना घातांकी वेगाने विरतं, आवर्तन भागिले २π एवढ्या उंचीवर एक-तृतीयांशाच्या आसपास उरतं. २० मायक्रॉन आवर्तनाला ही उंची ३ मायक्रॉनच्या जरा वर. थर त्याहून फार जाड केला तर वरचे रेणू झोपूनच राहतात.

लंबक
मग त्या पद्धतीत ऋण प्रकारचा द्रवस्फटिक का वापरतात? क्षेत्राला काटकोनात जाणारा?

रानजाई
त्या उभ्या घटकामुळेच. धन प्रकारचे रेणू उभ्या क्षेत्राबरोबर उठून बसतात आणि तिथला प्रकाश वाया जातो. ऋण प्रकारच्यांना उभं क्षेत्र उलट पातळीतच दाबून ठेवतं, त्यामुळे प्रकाश जास्त मिळतो. किंमतही आहे: ते बहुधा चिकट असतात, सावकाश वळतात.

तळटीप
रानजाईंनी विषय काढलाच आहे तर असमानतेचा खरा खास परिणाम सांगून टाकतो. आत्तापर्यंत बोललो तो सगळा परिणाम क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून आहे. धन-ऋण टोकं उलटी केली तरी फरक पडत नाही. रॉबर्ट मेयर यांनी १९६९ मध्ये दाखवलं की दिशा पंख्यासारखी पसरली किंवा वाकली की नेमॅटिकमध्ये स्वतःचं ध्रुवीकरण निर्माण होतं. याला फ्लेक्सोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. रेणू जरा पाचरीच्या आकाराचे असतील तर पसरताना त्यांची जाड टोकं एका बाजूला येतात, हे सोपं चित्र. हा परिणाम क्षेत्राच्या पहिल्या घातावर चालतो, म्हणजे चिन्ह उलटलं की परिणामही उलटतो.

यात दोन स्थिरांक असतात, एक पसरण्याचा, एक वाकण्याचा. एकसमान क्षेत्रात थराच्या आत त्यांच्या वजाबाकीचा परिणाम दिसतो. बेरजेचा परिणाम पृष्ठभागांवर, आणि क्षेत्राला उतार असेल तर थराच्या आतही. म्हणजे असमान क्षेत्र फक्त ठिकठिकाणी वेगळी सक्ती करत नाही, एकसमान क्षेत्रात झाकून राहिलेला गुणधर्मच बाहेर काढतं.

रानजाई
आणि तो आम्हाला छळतो. पडद्यावर प्रत्येक फ्रेमला व्होल्टेजचं चिन्ह उलटवलं जातं. पट्ट्यांच्या कडेला पसरणं-वाकणं भरपूर, उतार भरपूर, त्यामुळे धन फ्रेमला आणि ऋण फ्रेमला प्रकाश किंचित वेगळा पडतो. वीज वाचवायला फ्रेमचा वेग कमी केला की हा फरक डोळ्याला लुकलुक म्हणून जाणवतो.

खटपट्या
मग चिन्ह उलटवताच कशाला? डीसी द्यायचं एकदाच, सुंठीवाचून खोकला गेला.

रानजाई
खोकला जाऊन दमा येईल. द्रवात थोडे आयन असतातच. डीसी दिलं की ते इलेक्ट्रोडपाशी जाऊन जमतात आणि लावलेलं क्षेत्र झाकून टाकतात. चित्र बदललं तरी जुन्या चित्राचं भूत दिसत राहतं. म्हणून एसी. शंकासूर, तू किती वारंवारता देतोस?

शंकासूर
१ किलोहर्ट्झ, चौकोनी तरंग.

रानजाई
ठीक आहे. आयनांना पळायला वेळ मिळत नाही.

काजवा
आता मधल्या सपाट मैदानाबद्दल. छिद्राच्या कडेवरून क्षेत्र आत शिरतं ते साधारण दोन इलेक्ट्रोडांमधल्या अंतराइतकं. तुमच्याकडे ते ५० मायक्रॉन आहे आणि त्रिज्या १००० मायक्रॉन. मध्यभागाला कडेची खबरच लागत नाही. नोसे आणि सातो यांनी १९८९ मध्ये असमान क्षेत्राचं भिंग केलं ते सूक्ष्म होतं, म्हणून जमलं. मोठ्या छिद्राला एक उपाय म्हणजे छिद्रावर जास्त रोधाचा पातळ लेप, ज्यातून व्होल्टेज कडेकडून मध्याकडे हळूहळू उतरत जातं. नाउमोव्ह आणि सहकाऱ्यांची १९९८ ची मोडल भिंगं याच तत्त्वावर चालतात. दुसरा, घरगुती उपाय: वरची काच उलटी लावा, इलेक्ट्रोड बाहेरच्या बाजूला. मग अंतर ५० मायक्रॉनऐवजी काचेच्या जाडीएवढं, म्हणजे त्रिज्येच्या तोडीचं.

तळटीप
पण व्होल्टेज काच खाईल. ०.७ मिलिमीटर काच आणि तिचा स्थिरांक ६ धरला तर ४० व्होल्ट लावल्यावर द्रवस्फटिकाच्या वाट्याला जेमतेम अडीच येतील. अ‍ॅम्प्लिफायर लागेल.

शंकासूर
नवा सेल बांधला. काचेची कोरी बाजू आत घेतली, तिच्यावर पॉलिइमाइड चढवून घासलं, छिद्राचा इलेक्ट्रोड बाहेर. हेलियम-निऑन लेसर, ६३३ नॅनोमीटर. फरक जमीन-अस्मानाचा आहे! कडी मध्यापर्यंत पोचली, मध्ये विरळ, कडेकडे दाट, मोजली तर १२. व्होल्टेज आणखी वाढवलं तर मात्र कडी कमी व्हायला लागतात, मध्यात एकेक गिळली जाते. रेघ अजून आहे, पण छोटी.

काजवा
कडी कमी होणारच. मध्यातले रेणूही उठायला लागले, कडेचे आधीच उठलेले, दोघांतला फरक घटला. म्हणून अशा भिंगाचं नाभीय अंतर आधी कमी होतं आणि मग परत वाढतं. तुमच्या थरात जास्तीत जास्त १५ कडी मिळू शकतात: ५० मायक्रॉन गुणिले ०.२ म्हणजे १० मायक्रॉन, भागिले तरंगलांबी. १२ छान आहेत. कडी वर्गाच्या नियमाने पसरली असतील तर नाभीय अंतर म्हणजे त्रिज्येचा वर्ग भागिले कड्यांची संख्या आणि तरंगलांबी यांच्या गुणाकाराची दुप्पट, साधारण साडेसहा सेंटिमीटर. लेसर घासण्याच्या दिशेतच ध्रुवित ठेवा, आडव्या ध्रुवणाला हे भिंग दिसतच नाही.

सोनसळी
अर्धं डोक्यावरून गेलं, पण कड्या गिळणारं भिंग बघायला आवडेल. व्हिडिओ टाका ना!

शंकासूर
टाकतो. मात्र व्होल्टेज काढल्यावर कडी पूर्ण विरायला काही सेकंद लागतात, व्हिडिओ कंटाळवाणा होईल. सेलमध्ये बिघाड आहे का?

रानजाई
बिघाड नाही. परतीचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. ५ मायक्रॉनला ३०-४० मिलिसेकंद लागत असतील तर ५० मायक्रॉनला तीन-चार सेकंद. परत आणायला क्षेत्र नसतं, फक्त लवचिकता असते. थर पातळ केला की वेग वाढतो, पण भिंगाची ताकद घटते. जाड थराच्या भिंगांचं घोडं बराच काळ इथेच अडलं आहे.

लंबक
शेवटी सगळं जमल्यावर मध्यम व्होल्टेजला क्षेत्ररेषा आणि रेणूंची दिशा एकाच चित्रात काढून इथे टाका. काजवा आणि माझा हिशेब व्हायचाय.

शंकासूर
नक्की. कोड आता आळीपाळीने सोडवतोय, पण कडेजवळ आकडे नाचतात. जाळी किती बारीक ठेवू? सगळीकडे ०.१ मायक्रॉन ठेवली तर संगणक मान टाकतो.

तळटीप
सगळीकडे गरज नाही. काजवा यांची लांबी व्होल्टेजमध्ये मांडली तर ती जाडी गुणिले उंबरठा, भागिले (π गुणिले थरावरचं व्होल्टेज), अशी येते. तुझ्या थराला अडीच व्होल्ट मिळत असतील तर सहा-साडेसहा मायक्रॉन. आतल्या भागात १ मायक्रॉनची जाळी भरपूर. ती रेघ जिथे आहे तिथे मात्र दिशेला एकक सदिश मानणारं गणित मोडतं, कारण गाभ्यात दिशाच ठरत नाही, आणि तो गाभा दहा-वीस नॅनोमीटरचा असतो. आकडे नाचतात ते त्या बाजूला की दोन्ही बाजूंना, ते आधी बघ. फक्त रेघेच्या बाजूला असतील तर तो भाग क्यू-टेन्सरने (दिशेबरोबर रेणूंची शिस्त किती आहे तेही मोजणाऱ्या गणिताने) सोडव, जाळीला दोष देऊ नकोस.